‘मूळ’ कोणी ठरवले? : अमेरिकी लोकसंगीत, तीन मिनिटांची तबकडी आणि रसिकांची अभिरुची

प्रस्तुत निबंधाचा विषय संगीताच्या इतिहासातला असला, तरी त्यामागचा प्रश्न साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. एखादी कृती ‘अस्सल’, ‘मूळची’, ‘मातीतली’ ठरते, ती तिच्या अंगभूत गुणांमुळे, की तिच्यानंतर एक पिढी उलटल्यावर आलेल्या आस्वादकांच्या गरजेमुळे? आणि हा निर्णय दुसऱ्या पिढीचे आस्वादक करीत असतील, तर पहिल्या पिढीच्या आस्वादकांचे, म्हणजे ती कृती प्रथम ऐकणाऱ्यांचे आणि पैसे मोजून विकत घेणाऱ्यांचे, मत कोणत्या खात्यावर मांडायचे? अमेरिकेत ज्याला ‘रूट्स म्यूझिक’ म्हटले जाते त्याच्या घडणीत हा प्रश्न विलक्षण स्पष्टपणे दिसतो. कारण तेथे या दोन्ही पिढ्यांच्या हाती एकच वस्तू होती : मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूवर एकच गीत मावणारी तबकडी.

ही तबकडी व्यापारी होती, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. १९२० च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी गायलेले ‘क्रेझी ब्लूज’ अनपेक्षितपणे खपले आणि कृष्णवर्णीय ग्राहक ही एक बाजारपेठ आहे याचा शोध कंपन्यांना लागला. १९२३ मध्ये राल्फ पीर याने अटलांटात फिडलिन जॉन कार्सन याचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा दक्षिणेतील श्वेतवर्णीय ग्रामीण ग्राहकाबाबत तेच घडले. यातून दोन स्वतंत्र सूचिपत्रे निघाली, एक ‘रेस’ आणि दुसरे ‘हिलबिली’. गायकांचे आणि गीतांचे प्रत्यक्ष जग इतके विभागलेले नव्हते. व्हर्जिनियाचा ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेई आणि रिडल चाल लक्षात ठेवी. सूचिपत्रात मात्र कार्टर कुटुंब एका बाजूला आणि रिडलचे सारे बांधव दुसऱ्या बाजूला. ‘परंपरा’ नावाच्या वस्तूवर वंशाची रेघ ओढण्याचे काम लोकांनी केले नाही, विक्रीखात्याने केले.

दुसरी मर्यादा घाटाची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. पंचवीस-तीस कडव्यांचे कथागीत या चौकटीत येताना त्यातील पाच-सहा कडवी उरत आणि कथेचे दुवे गळून पडत. पुढे ज्या अर्धस्फुट, गूढ वाटणाऱ्या कथनशैलीवर रसिक लुब्ध झाले, ती अंशतः मेणावर कोरल्या जाणाऱ्या खाचेच्या लांबीने घडवलेली होती. शिवाय पीरसारख्या व्यावसायिकाला स्वामित्वहक्क नोंदवता येतील अशी गीते हवी असत. साहजिकच जुन्या गीतात थोडा फेरफार करून ते ‘नवे’ करणे हा गायकांच्या कौशल्याचा भाग झाला. तात्पर्य, ज्याला आपण मौखिक परंपरेची संहिता समजतो ती बाजाराच्या आणि यंत्राच्या अटींवर पुनर्रचित झालेली संहिता आहे.

१९२९ नंतरच्या मंदीने हा व्यवहार मोडला. चार्ली पॅटनच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही खरे तर विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीची शाखा होती. ग्रामोफोनची लाकडी कपाटे विकता यावीत म्हणून ती तबकड्यांच्या धंद्यात शिरली होती आणि तितक्याच सहजतेने त्यातून बाहेरही पडली. (येथे एक अवांतर गोष्ट. या तबकड्या ज्या लाखेपासून बनत ती लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून येई आणि कलकत्त्याच्या बंदरातून जाई. युद्धकाळात ती दुर्मीळ झाल्यावर १९४२ पासून अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. मिसिसिपीचा आवाज झारखंडच्या किड्याने स्रवलेल्या द्रव्यावर टिकून होता आणि त्याच द्रव्यासाठी नष्टही झाला, हे लोकसंगीताच्या कोणत्याही सिद्धान्तात सहसा येत नाही.)

जे उरले ते भंगारवाल्यांच्या दुकानांत. तेथे संग्राहक नावाची दुसरी पिढी अवतरते. बहुतेक श्वेतवर्णीय, शहरी, तरुण पुरुष. ब्रुकलिनमधील वायएमसीएच्या खोलीत राहणारा जेम्स मॅकक्यून आपल्या तबकड्या पलंगाखाली ठेवी. १९४४ मध्ये त्याने पॅटनची एक झिजलेली तबकडी विकत घेतली आणि ब्लूजच्या आस्वादाची दिशा बदलली. ही मंडळी याद्या करीत, त्या एकमेकांना पाठवीत आणि पत्रांतून गुणदोष तपासत. सामयिक अभिरुची कशी घडते याचे इतके उघडे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच मिळेल. त्यांच्यापूर्वी अॅलन लोमॅक्सने सुमारे तीन हजार व्यापारी तबकड्या ऐकून त्यांतील साडेतीनशे लोकगीते म्हणून निवडली होती. म्हणजे निवडीची कल्पना नवी नव्हती. नवे होते ते निवडीला ग्रंथाचे रूप देणे.

ते काम हॅरी स्मिथने केले. १९५२ मध्ये फोकवेज या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्यूझिक’मध्ये ८४ गीते होती. ती सगळी १९२० आणि १९३० च्या दशकांतील व्यापारी तबकड्यांवरून घेतलेली होती आणि मूळ कंपन्यांची रीतसर अनुमती न घेता छापलेली होती. स्मिथने दोन गोष्टी केल्या. एक, कथागीतांचा भाग त्याने फ्रान्सिस चाइल्डने एकोणिसाव्या शतकात ठरवलेल्या क्रमांकांनुसार लावला. १९२९ ची, एका दिवसात मुद्रित केलेली बाजारी तबकडी अशा रीतीने इंग्रजी-स्कॉटिश बॅलडच्या अभिजात परंपरेत जाऊन बसली. दोन, गायकाचा वंश त्याने कोठेही सांगितला नाही. सूचिपत्रांनी ओढलेली रेघ त्याने मौनाने पुसली. मिसिसिपी जॉन हर्ट हा कृष्णवर्णीय आहे हे बऱ्याच श्रोत्यांना अनेक वर्षे कळले नव्हते, असे स्मिथने नंतर समाधानाने सांगितले आहे.

हे मौन मुक्तिदायक होते यात शंका नाही. पण त्याची किंमत होती. रेघेबरोबर रेघेच्या पलीकडचा ग्राहकही पुसला गेला. संदर्भ काढून टाकल्यावर कृती स्वायत्त होते, हे नवसमीक्षेने आपल्याला शिकवले. ती कोणाची उरते, हा प्रश्न मात्र तिने विचारला नाही.

तो प्रश्न १९५९ साली, थोडा अनपेक्षितपणे, उभा राहिला. सॅम्युअल चार्टर्सचे ‘द कंट्री ब्लूज’ हे या विषयावरील पहिले ग्रंथरूप विवेचन त्या वर्षी आले. चार्टर्सची भूमिका सरळ होती. ब्लूज हे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी गायले गेले, म्हणून त्या श्रोत्यांनी ज्यांना उचलून धरले त्यांचा इतिहास प्रथम लिहिला पाहिजे. त्यामुळे त्याच्या ग्रंथात ब्लाइंड लेमन जेफर्सन, लिरॉय कार, लॉनी जॉन्सन यांना विस्तृत स्थान मिळाले आणि पॅटन जवळजवळ दृष्टीआड झाला. संग्राहक खवळले. मॅकक्यूनने एका ब्रिटिश नियतकालिकात लिहिले, त्याचा आशय असा : आपल्या ओळखीच्या वीसेक संग्राहकांना थोर गायक कोण हे जाणून घ्यायचे आहे, सर्वांत जास्त कोण खपला हे नव्हे. त्या वर्तुळातून लगोलग ओरिजिन जॅझ लायब्ररी ही छोटी संस्था निघाली. तिच्या पहिल्या तबकडीवर फक्त पॅटन होता आणि दुसरीचे नाव चार्टर्सला उद्देशून होते : ‘रीअली! द कंट्री ब्लूज’.

या वादात आज संग्राहकांचा विजय झालेला दिसतो. पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांची नावे प्रत्येक इतिहासात आहेत, तर लिरॉय कार हा विशेषज्ञांचा विषय झाला आहे. परंतु मॅकक्यूनच्या युक्तिवादाला एक मोठी भेग होती. पॅटन न खपलेला गायक नव्हता. १९२९ च्या जूनमध्ये केलेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांना इतका प्रतिसाद मिळाला, की पॅरामाउंटने त्याला त्याच वर्षी पुन्हा बोलावले. एवढेच नव्हे, तर त्याची एक तबकडी कंपनीने ‘मास्क्ड मार्व्हल’, म्हणजे मुखवट्याआडचा नवलपुरुष, या नावाने काढली आणि जाहिरात दिली की, हा गायक कोण ते ओळखा व आपल्या पसंतीची एक तबकडी विनामूल्य मिळवा.

या जाहिरातीकडे आपण थांबून पाहिले पाहिजे. ती व्यापारी क्लृप्ती होती हे खरे. पण ती एका विशिष्ट प्रकारचा श्रोता गृहीत धरते. तो केवळ आवाजावरून गायक ओळखू शकतो, एकाची दुसऱ्याशी तुलना करतो आणि त्यावर शेजाऱ्याशी पैज लावतो. म्हणजेच १९२९ च्या मिसिसिपीत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांत, नेमकी तीच आस्वादक्षमता होती जी तीस वर्षांनंतर ब्रुकलिनच्या संग्राहकांनी आपला शोध म्हणून मिरवली. संग्राहकांनी ‘विक्री’ हा शब्द उच्चारताना तिच्यामागे निवड करणारी माणसे पाहिली नाहीत. कष्टाने मिळालेल्या रोजातून एक तबकडी विकत घेणे हीही एक समीक्षाच असते, आणि फुकट सल्ला देणाऱ्या समीक्षेपेक्षा ती कधीकधी अधिक जबाबदार असते.

या पहिल्या रसिकाची आवड पुढे कोठे गेली, याचा पुरावा उपलब्ध आहे. १९४१-४२ मध्ये फिस्क विद्यापीठ आणि काँग्रेस लायब्ररी यांनी मिसिसिपीच्या कोआहोमा परगण्यात संयुक्त पाहणी केली. तीत लुइस जोन्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने क्लार्क्सडेलच्या गुत्त्यांतील ज्यूकबॉक्समधल्या तबकड्यांची यादी केली. ब्लूजची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या या गावात लोक काउंट बेसी, लुइस जॉर्डन, फॅट्स वॉलर ऐकत होते. त्याच पाहणीत लोमॅक्सने स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्स या तरुण शेतमजुराचे पहिले ध्वनिमुद्रण केले. त्याच्या गाण्यांच्या यादीत ब्लूजबरोबर जीन ऑट्रीची काउबॉय गीतेही होती. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नदीपलीकडच्या हेलेना गावातील केएफएफए नभोवाणी केंद्रावरून एका पिठाच्या कंपनीने पुरस्कृत केलेला ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम रोज दुपारी लागे. त्यात सनी बॉय विल्यमसन हार्मोनिका वाजवी. डेल्टातील श्रोत्याला नभोवाणी ही परंपरेची शत्रू वाटत नव्हती. ‘मूळ’ आणि ‘रेडिओवरचे गाणे’ हे द्वंद्व त्याच्या अनुभवात नव्हतेच.

हे द्वंद्व निर्माण करण्याची घाई शहरी रसिकांना किती होती, याचे एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९३८ च्या डिसेंबरमध्ये जॉन हॅमंडने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टु स्विंग’ ही मैफल भरवली. रॉबर्ट जॉन्सनला बोलवायचे होते, पण तो ऑगस्टमध्येच वारल्याचे कळले. तेव्हा हॅमंडने मंचावर ग्रामोफोन ठेवून त्याच्या दोन तबकड्या ऐकवल्या. त्याची जागा घेण्यासाठी आलेला बिग बिल ब्रून्झी हा शिकागोतला यशस्वी, सुटाबुटातला ध्वनिमुद्रण-कलावंत. प्रेक्षकांपुढे त्याला आर्कान्सातील शेतमजूर म्हणून आणले गेले. ब्रून्झीनेही ती भूमिका स्वीकारली आणि पुढे आयुष्यभर निभावली. ‘अस्सल’पणाची मागणी पुरवणे हेही कलावंताच्या उपजीविकेचे साधन होऊ शकते, हे त्याला उमगले होते.

तरीही संग्राहकांना नुसते दोषी ठरवून भागणार नाही. अलीकडच्या काळात मॅरीबेथ हॅमिल्टन आणि इलायजा वॉल्ड यांनी ‘डेल्टा ब्लूज’ या कल्पनेची जी चिकित्सा केली आहे, ती मला मोठ्या प्रमाणात मान्य आहे. पण तिच्यातून कधीकधी असा सूर निघतो की, आवडच बनावट होती. तसे नाही. गीशी वायलीच्या १९३० च्या तबकडीच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत, आणि त्या कोणा विद्यापीठाने नव्हे, वेड्या रसिकांनी वाचवल्या. जॉन हर्टच्या १९२८ च्या तबकड्या फारशा खपल्या नव्हत्या आणि तो आपल्या गावी शेती-गुरांच्या कामावर परतला होता. त्याच्या एका गीतात अॅव्हलॉन या गावाचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावरून, जुना नकाशा पाहून, १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण तेथे पोचला आणि हर्ट घरीच सापडला. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. येथे पहिल्या ग्राहकाने नाकारलेले दुसऱ्याने स्वीकारले आणि त्या स्वीकारामुळे एका वृद्ध शेतमजुराला आयुष्याची शेवटची तीन वर्षे वेगळी जगता आली. दुसऱ्या वाचनाचा अधिकार नाकारणे म्हणजे वाङ्मयेतिहासच नाकारणे होय. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या वाचनाने पहिल्याचे अस्तित्व लपवावे का.

आपल्याकडील लोकसाहित्याच्या अभ्यासाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने टाळला आहे. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्यापासूनची संकलनाची परंपरा मुखातून कागदावर आली. तबकडीवरची लावणी, पोवाडा, भक्तिगीत या व्यवहाराबाहेर राहिले, जणू विकले गेले की ते लोकांचे उरले नाही. अंतराळात गेलेल्या तबकडीने मात्र हा भेद पाळला नाही. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सनचे १९२७ चे ध्वनिमुद्रण, चक बेरीचे १९५८ चे रेडिओवर गाजलेले सिंगल आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी एकत्र आहेत. एक ‘मूळ’, एक ‘लोकप्रिय’, एक ‘अभिजात’. तिन्ही मुळात दुकानात विकायला ठेवलेल्या.

मडी वॉटर्सचे पुढे काय झाले ते येथे सांगितले पाहिजे. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि विजेच्या गिटारवर, ज्यूकबॉक्स व नभोवाणी यांच्यासाठी तीन मिनिटांची सिंगल्स काढू लागला. १९५८ मध्ये तो इंग्लंडला गेला, तेव्हा त्या गिटारच्या आवाजाने काही समीक्षक दुखावले. त्यांना शेतमजूर हवा होता. चेस कंपनीने १९६४ मध्ये त्याच्या हाती साधी गिटार देऊन ‘फोक सिंगर’ नावाची दीर्घ तबकडी काढली. दोन वर्षांनी तिने आणखी एक काढली. तिच्यात नवे काहीच नव्हते. १९४७ ते १९६४ मधली विजेवरची जुनी सिंगल्स तिच्यावर एकत्र केली होती, आणि वेष्टनावर नाव छापले होते : ‘द रिअल फोक ब्लूज’.