लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन

इंग्लंडमधील कौन्सिलांच्या म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराविरुद्ध रहिवाशांनी केलेल्या तक्रारींची चौकशी करणारी स्वतंत्र वैधानिक यंत्रणा. १९७४ च्या स्थानिक शासन कायद्याच्या तिसऱ्या भागाने ती अस्तित्वात आली. कायद्यातील तिचे नाव ‘कमिशन फॉर लोकल ॲडमिनिस्ट्रेशन’ असे आहे, पण लोकांच्या तोंडी ते कधीच रुळले नाही. ‘लोकल गव्हर्नमेंट ऑम्बुड्समन’ हे अनेक दशके चाललेले नाव जून २०१७ मध्ये बदलून सध्याचे करण्यात आले. तक्रारदाराला शुल्क भरावे लागत नाही की वकील द्यावा लागत नाही. ऑम्बुड्समनला कौन्सिलवर हुकूम सोडता येत नाही, दंड करता येत नाही, चुकलेला निर्णय रद्दही करता येत नाही. त्याच्या हाती असते ती फक्त शिफारस. असे असूनही नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक शिफारशी पाळल्या जातात. या संस्थेच्या अभ्यासात खरे कुतूहल या विसंगतीचेच आहे.

पार्श्वभूमी : प्रशासनावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी नेमण्याची प्रथा स्वीडनच्या १८०९ च्या राज्यघटनेतून आली. डेन्मार्कने १९५५ मध्ये आणि न्यूझीलंडने १९६२ मध्ये ती उचलल्यावर ब्रिटनमध्येही चर्चेला जोर आला आणि १९६७ मध्ये ‘पार्लमेंटरी कमिशनर’ हे पद निर्माण झाले. त्याचा अधिकार केंद्रीय खात्यांपुरताच होता. सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो मात्र बहुधा कौन्सिलमार्फत : कचरा उचलणे, मुलाचा शाळाप्रवेश, घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स, बेघर झाल्यास निवारा, शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाला मिळालेली परवानगी, वृद्ध आईची देखभाल. ही पोकळी प्रथम उत्तर आयर्लंडने भरली. तेथे कौन्सिलांच्या घरवाटपात कॅथलिकांवर अन्याय होतो, हे नागरी हक्क चळवळीचे मुख्य गाऱ्हाणे होते. १९६९ मध्ये तेथे ‘कमिशनर फॉर कम्प्लेंट्स’ नेमण्यात आला आणि त्याने अन्याय झाल्याचे मान्य केल्यास तक्रारदाराला काउंटी न्यायालयात जाऊन भरपाई मागण्याची सोयही कायद्यात ठेवण्यात आली. इंग्लंडने पाच वर्षांनी स्वतःचा कायदा केला तेव्हा ही सोय मात्र घेतली नाही.

आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष बॅरोनेस सेरोटा या होत्या. आरंभी तक्रार थेट पाठवता येत नसे. ती कौन्सिलच्या एखाद्या सदस्यामार्फत द्यावी लागे आणि सदस्याने नकार दिला तरच परस्पर पाठवता येई. ज्या कौन्सिलविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे तिच्याच नगरसेवकाचा उंबरा झिजवायचा, ही व्यवस्था चौदा वर्षे टिकली याचे आज नवल वाटते. १९८८ च्या कायद्याने थेट तक्रारीचा मार्ग खुला केला.

अधिकारक्षेत्र : काउंटी, जिल्हा आणि बरो कौन्सिले तसेच लंडनमधील बरो हे सर्व या क्षेत्रात येतात, गावपातळीवरील पॅरिश कौन्सिले सामान्यतः येत नाहीत. कचरा उचलण्याचे किंवा घरी जाऊन सेवा देण्याचे काम खासगी ठेकेदाराकडे सोपवले असले तरी जबाबदारी कौन्सिलचीच धरली जाते. ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटता येत नाही. २०१० पासून स्वतःच्या पैशाने वृद्धाश्रमात किंवा घरी देखभाल घेणाऱ्यांच्या तक्रारीही ऑम्बुड्समनकडे येऊ लागल्या. नावात ‘सोशल केअर’ शिरले ते यामुळे. उलट कौन्सिलच्या भाडेकरूंची घरमालक म्हणून कौन्सिलविरुद्ध असलेली गाऱ्हाणी एप्रिल २०१३ पासून हाउसिंग ऑम्बुड्समन या वेगळ्या संस्थेकडे गेली. घर मिळत नाही ही तक्रार एकीकडे आणि मिळालेल्या घरात ओल येते ही दुसरीकडे, अशी ही वाटणी सामान्य रहिवाशाला गोंधळात टाकते.

शाळेचा अंतर्गत कारभार, कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक बाबी आणि कौन्सिलचे बहुतेक व्यापारी व्यवहार कायद्यानेच वगळले आहेत. एखाद्या निर्णयाची झळ परिसरातील सर्व किंवा बहुतेक रहिवाशांना लागत असेल तर तीही तक्रार चालत नाही. कौन्सिल टॅक्स फार वाढवला म्हणून कोणी आले तर त्याला मतपेटीचा रस्ता दाखवला जातो. पण भरलेला कर खात्यावर न चढवता वसुलीसाठी बेलिफ दारात पाठवला, तर चौकशी होऊ शकते.

तक्रारीची वाट : आधी कौन्सिलला उत्तर देण्याची वाजवी संधी द्यावी लागते. तसे न करता आलेली तक्रार कौन्सिलकडे परत पाठवली जाते. २०२४ मध्ये ऑम्बुड्समनने कौन्सिलांसाठी तक्रार-संहिता काढली. तिच्यानुसार पहिल्या टप्प्यावर साधारण १० आणि दुसऱ्या टप्प्यावर २० कामाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. समाधान झाले नाही तर, प्रकार लक्षात आल्यापासून १२ महिन्यांच्या आत ऑम्बुड्समनकडे यावे लागते. ही मुदत सबळ कारण असल्यास शिथिल होते.

न्यायालय, लवाद किंवा मंत्र्यांकडे दाद मागण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर तक्रार सहसा घेतली जात नाही. पार्किंगचा दंड किंवा परवानगी नाकारलेला बांधकामाचा अर्ज यांसाठी स्वतंत्र अपिलाची व्यवस्था आहे, म्हणून ही प्रकरणे दारातूनच परततात. बांधकामाच्या बाबतीत एक बारकावा महत्त्वाचा आहे. परवानगी नाकारली तर अर्जदार अपील करू शकतो. परवानगी मिळाली आणि शेजाऱ्याच्या खिडकीचा उजेड गेला तर शेजाऱ्याला अपिलाचा हक्कच नाही. त्याने पाठवलेले हरकतीचे पत्र अधिकाऱ्याने वाचलेच नाही किंवा नकाशातील अंतर चुकीचे मोजले, असे असेल तर त्याला ऑम्बुड्समन हाच आधार उरतो. अर्थात दिलेली परवानगी तेथून रद्द होत नाही. कौन्सिलने हरकत नीट विचारात घेतली असती तर निर्णय वेगळा झाला असता का, हे पाहिले जाते. बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असे निघते आणि शेजाऱ्याच्या पदरी दिलगिरीचे पत्र पडते.

दाखल झालेल्या तक्रारीची प्रथम छाननी होते. तक्रारदाराचे खरोखर काही बिघडले आहे का आणि चौकशीतून काही हाती लागेल का, हे तपासून मगच प्रकरण तपासनिसाकडे जाते. एकदा कचरापेटी रिकामी झाली नाही, एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. पण अपंग किंवा वृद्ध रहिवाशाच्या दारातून पेटी नेऊन परत आणून ठेवण्याचे मान्य करूनही गाडी महिनोन्‌महिने तशीच पुढे जात असेल आणि दर वेळी ‘पुन्हा होणार नाही’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर दोष ठरतो. अशा प्रकरणांत माफी, किरकोळ रक्कम आणि पुढचे काही आठवडे त्या घरावर देखरेख, अशी शिफारस केली जाते.

चौकशी खासगीत चालते. कागदपत्रे मागवण्याचे आणि साक्षीला बोलावण्याचे ऑम्बुड्समनचे अधिकार उच्च न्यायालयाच्या तोडीचे आहेत, मात्र ते वापरण्याची वेळ क्वचित येते. फाइल, ईमेल आणि दूरध्वनीच्या नोंदी वाचूनच बहुतेक काम होते. निर्णयाचा मसुदा दोन्ही बाजूंना दाखवून त्यांचे म्हणणे घेतले जाते आणि मगच तो पक्का होतो. एप्रिल २०१३ पासून बहुतेक निर्णय तक्रारदाराचे नाव वगळून प्रसिद्ध केले जातात, कौन्सिलचे नाव मात्र झाकले जात नाही. कोविडच्या काळात, मार्च ते जून २०२०, कौन्सिलांवर ताण नको म्हणून चौकशीचे काम थांबवण्यात आले होते.

दोष कशाला म्हणायचे : १९७४ च्या कायद्यात सदोष कारभाराची व्याख्या नाही. १९६६ मध्ये ‘पार्लमेंटरी कमिशनर’च्या विधेयकावर बोलताना मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी पक्षपात, हयगय, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी अशी जंत्री दिली होती. तीच पुढे प्रमाण मानली गेली. १९७९ च्या ब्रॅडफर्ड प्रकरणात लॉर्ड डेनिंग यांनीही तिचाच आधार घेतला. रीतसर घेतलेला निर्णय ऑम्बुड्समनला पटला नाही तरी त्याला हात लावता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. निर्णय काय झाला यापेक्षा तो कसा झाला, एवढीच त्याची कक्षा. नगरसेवकांना लोकांनी निवडून दिले आहे, ऑम्बुड्समनला नाही, हे यामागचे कारण. तक्रारदारांची सर्वांत मोठी निराशाही येथेच होते.

ही कक्षा अरुंद असली तरी तिच्यातून किती दिसू शकते, याचे उत्तम उदाहरण लिव्हरपूलचे आहे. अ‍ॅनफील्ड येथील फुटबॉल मैदानाची प्रेक्षागॅलरी वाढवण्याचा लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा अर्ज कौन्सिलने मंजूर केला. आसपासच्या रहिवाशांनी तक्रार केली. मतदान करणाऱ्या काही सदस्यांकडे क्लबची हंगामी तिकिटे होती किंवा ते नेमाने सामने पाहत, आणि हे हितसंबंध त्यांनी उघड केले नव्हते, असे चौकशीत दिसून आले. काही सदस्यांनी पक्षाच्या आदेशावरून मत दिल्याचाही ठपका ठेवला गेला. रहिवाशांना न्यायालयाचा मार्ग खुला होता, तेव्हा ऑम्बुड्समनने यात पडायलाच नको होते, असा कौन्सिलचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाने २००० मध्ये तो फेटाळला. बेताच्या परिस्थितीतील रहिवाशांना न्यायालयाचा खर्च झेपणारा नव्हता आणि ही माहिती त्यांच्या हाती कधी लागलीही नसती; ती चौकशीच्या अधिकारामुळेच बाहेर आली, हे न्यायालयाने मान्य केले.

भरपाई : दोष सिद्ध होणे पुरेसे नाही, त्यामुळे तक्रारदाराचे नुकसान झालेले असावे लागते. दोष घडला नसता तर तो ज्या स्थितीत असता, तेथे शक्य तितके त्याला नेणे हे तत्त्व. माफी, राहिलेली सेवा सुरू करणे, थकलेले पैसे देणे, कार्यपद्धती सुधारणे हे नेहमीचे उपाय. रकमा न्यायालयाच्या नुकसानभरपाईच्या मानाने लहान असतात. ऑम्बुड्समनच्या मार्गदर्शिकेनुसार बुडालेल्या शिक्षणासाठी सत्रामागे ९०० ते २,४०० पौंड, आणि बेघर कुटुंबाला सहा आठवड्यांच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ निवासात ठेवल्यास महिन्याला १५० ते ३५० पौंड असा सर्वसाधारण पट्टा आहे.

अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक दोष विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणात आढळतात. अशा मुलासाठीचा शिक्षण, आरोग्य आणि देखभाल आराखडा मागणी आल्यापासून २० आठवड्यांत पूर्ण व्हायला हवा. अनेक कौन्सिलांना ते जमत नाही. मानसशास्त्रज्ञ मिळत नाहीत, पैसा नाही, ही त्यांची उत्तरे पुष्कळदा खरीच असतात. ऑम्बुड्समन ती ऐकून घेतो, पण कायद्याने घातलेले कर्तव्य निधीच्या सबबीवर माफ करत नाही. सविस्तर चौकशी झालेल्या तक्रारींपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत दोष आढळतो. हा आकडा मात्र जपून वाचायला हवा, कारण आलेल्या तक्रारींपैकी मोठा भाग सविस्तर चौकशीपर्यंत पोचतच नाही.

अंमलबजावणी : गंभीर प्रकरणांत जाहीर अहवाल काढला जातो. कौन्सिलला त्याची सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि तीन महिन्यांच्या आत काय केले ते कळवावे लागते. समाधान न झाल्यास दुसरा अहवाल निघतो, तो सदस्यांच्या सभेपुढे ठेवावा लागतो, आणि तरीही ऐकले नाही तर आपण का ऐकत नाही याचे निवेदन कौन्सिलला स्वखर्चाने वर्तमानपत्रांत छापावे लागते. कायदा येथे संपतो. एखादी रक्कम वाचवण्यासाठी स्वतःच्या हट्टाची जाहिरात देणे कोणत्याही सत्ताधारी पक्षाला परवडत नाही, विशेषतः निवडणूक तोंडावर असेल तर. शिवाय ईस्टली बरोच्या १९८८ च्या प्रकरणात लॉर्ड डोनाल्डसन यांनी स्पष्ट केले, की ऑम्बुड्समनचा अहवाल कौन्सिलांनी निष्ठेने स्वीकारावा अशीच संसदेची अपेक्षा आहे आणि तो चुकीचा वाटत असेल तर न्यायालयात जाऊन आव्हान द्यावे. हे प्रकरण एका घराच्या सदोष सांडपाण्याच्या वाहिनीवरून आणि कौन्सिलच्या तपासणीवरून सुरू झाले होते.

इतरत्र : स्कॉटलंडमध्ये २००२ पासून आणि वेल्समध्ये काही वर्षांनी कौन्सिले, आरोग्यसेवा आणि प्रादेशिक शासन या सर्वांसाठी एकच सार्वजनिक सेवा ऑम्बुड्समन आहे. भारतात मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ च्या अंतरिम अहवालात लोकपाल आणि लोकायुक्तांची शिफारस केली, तीही स्कँडिनेव्हिया आणि न्यूझीलंडच्या नमुन्यावरून. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून पुढच्या वर्षी लोकायुक्त नेमला. त्या कायद्यात भ्रष्टाचाराचे आरोप आणि कारभाराविषयीची गाऱ्हाणी असे दोन्ही प्रकार आहेत, पण लोकायुक्ताची लोकांतील ओळख प्रामुख्याने पहिल्याच प्रकाराशी जोडली गेली. इंग्लंडच्या ऑम्बुड्समनचे उलट आहे : लाचलुचपत हा पोलिसांचा विषय, त्याच्या वाट्याला येतात ती उत्तर न दिलेली पत्रे आणि टळलेल्या मुदती. केरळने मात्र २००० पासून पंचायती व नगरपालिकांसाठी स्वतंत्र ऑम्बुड्समन चालवला आहे.

स्थानिक संस्थांचा आणि संसदीय-आरोग्य ऑम्बुड्समन यांना एकत्र करून इंग्लंडमध्येही एकच दार ठेवावे, या हेतूने ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे रुग्णालयातून घरी सोडलेल्या वृद्धाच्या देखभालीत गफलत झाली तर दोन्ही ऑम्बुड्समनांच्या संयुक्त पथकाला अजूनही एकत्र बसून चौकशी करावी लागते.