ऑपरेटिंग सिस्टिम आपली, पण कार्ड कुणाचे?

सरकारी संगणकांसाठी स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम येणार, ही बातमी आपल्याकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते. २००७ साली सी-डॅकची ‘बॉस’ आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ची वार्ता आली. पहिलीचा पाया डेबियन, दुसरीचा उबुंटू. दोन्ही लिनक्सच्याच घराण्यातल्या. अशा वेळी चर्चा होते ती सुरक्षिततेची आणि अभिमानाची. ज्याने स्वतःच्या हाताने एखाद्या संगणकावर लिनक्स बसवले आहे, त्याच्या मनात मात्र आधी भलतेच प्रश्न येतात: वाय-फाय चालेल का? प्रिंटर ओळखला जाईल का?

हे प्रश्न लिनक्सच्या जन्माइतकेच जुने आहेत. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या उद्योगाची वर्दी जगाला दिली, तेव्हाच त्याने बजावले होते की ही प्रणाली ‘एटी’ जातीच्या हार्डडिस्कखेरीज बहुधा दुसरे काही चालवणार नाही. कारण त्याच्यापाशी तेवढीच होती. त्यात विनय होता, पण भौतिक सत्यही होते. संगणकाला जोडलेल्या कोणत्याही उपकरणाला काम सांगायचे, तर त्याच्या रजिस्टरांमध्ये कोणते आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे हे ठाऊक असावे लागते. ती माहिती निर्मात्याच्या कागदांत असते. कागद मिळाले, तर ड्रायव्हर कोणीही जाणकार लिहू शकतो. न मिळाले, तर उपकरण समोर असूनही मुके.

भारतात ही अडचण घरोघरी पोहोचली ती मोडेममुळे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच दशकात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या. अनेकांचा पहिला परिचय त्या तबकडीवरूनच झाला. पण तोवर संगणकाच्या पेटीत स्वस्त अंतर्गत मोडेम बसू लागले होते. खरा मोडेम दूरध्वनीच्या तारेवरील संकेतांची उकल स्वतःच्या चिपवर करतो. या स्वस्त कार्डांनी ते सारे गणित संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलले, आणि गणित करणारा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी दिला. म्हणून त्यांना सरसकट ‘विनमोडेम’ म्हटले जाऊ लागले. जुना, महाग, सिरियल पोर्टला बाहेरून लावायचा मोडेम मात्र लिनक्सवर निमूट चालत असे. कार्डात वाचलेले पैसे ग्राहकाने असे दुसऱ्या मार्गाने मोजले.

पुढे मोडेमची जागा वाय-फायने घेतली आणि तेच नाट्य पुन्हा रंगले. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिप असंख्य लॅपटॉपांत होत्या, पण लिनक्ससाठी कागद नव्हते. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एकाने कंपनीच्या ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कशी वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा लिहिला. २००६ साली तो लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाला. कंपनीने स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. मला या कामाचे अप्रूप वाटते, कारण बंद पेटीला टोचून तिचे नियम शोधणे हा आमचाच धंदा आहे. फरक इतकाच, की निसर्गाने कागद मुद्दाम लपवलेले नसतात.

ड्रायव्हर मुक्त झाला तरी चिपच्या पोटात भरायचे फर्मवेअर बंदिस्तच राहिले. डेबियनने तत्त्व म्हणून असे फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. परिणाम असा, की वाय-फाय चालण्यासाठी फर्मवेअर हवे आणि ते उतरवून घेण्यासाठी वाय-फाय हवे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून माघार घेतली आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते फर्मवेअर समाविष्ट झाले. तीनच महिन्यांनी डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली. माघार म्हणावी की शहाणपण, यावर माझे मत आजही पक्के होत नाही.

या कोंडीला आपल्या देशात एक वेगळे उत्तर मिळाले. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने, म्हणजे आययूएसीने, महाविद्यालयीन भौतिकशास्त्रासाठी ‘फिनिक्स’ आणि नंतर ‘एक्स्पआइज’ ही प्रयोगपेटी घडवली. बी. पी. अजित कुमार हे त्यामागचे प्रमुख नाव. व्होल्टेज मोजणे, लंबकाचा आवर्तकाल काढणे, ध्वनीचा वेग शोधणे हे सारे ती पायथॉनच्या काही ओळींत करते. तिचा आराखडा खुला, सॉफ्टवेअरही खुले. पेटी संगणकाला यूएसबीने जोडताना त्यांनी अशी चिप निवडली, की लिनक्सला ती साधा सिरियल पोर्ट वाटावी; त्यासाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच असतो. नवा ड्रायव्हर लिहिण्याची, पर्यायाने तो जुना होण्याची, वेळच येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतले चित्र याच्या उलट. मोजमापाचे एक महागडे कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर निर्मात्याने फक्त संकलित रूपात दिला होता. लिनक्स कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते. कर्नलमध्येच असलेले ड्रायव्हर त्यासोबत दुरुस्त होतात, बाहेरचे बंद ड्रायव्हर मागे पडतात. तो संगणक आम्ही जुन्याच कर्नलवर, नेटवर्कपासून तोडून ठेवला आहे. त्याचा मदरबोर्ड गेला, तेव्हा पीसीआय खाचेचा बोर्ड जुन्या बाजारात शोधावा लागला.

आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर २०१८ साली लिनक्स सुरू झाले आणि त्याचा आराखडाही खुला आहे. ही मोठीच गोष्ट. पण प्रोसेसरभोवती नेटवर्क, चित्रपटल आणि साठवणीच्या चिप असतात, त्यांचे कागद कुणाकडे आहेत हे बातमीत येत नाही. गेल्या खरेदीच्या वेळी आम्ही निविदेत एक ओळ वाढवली: ड्रायव्हरचा स्रोत किंवा रजिस्टरांचे संपूर्ण वर्णन द्यावे. तीन पुरवठादारांपैकी एकानेच होकार दिला. त्याचे कार्ड सर्वांत महाग होते. लेखा विभागाला कारण लेखी द्यावे लागले. ते दोन पानांचे झाले.