'बॉयकॉट' आणि 'बहिष्कार'

'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द आपल्या वृत्तपत्रांतून इतका रुळला आहे की, तो मुळात एका गृहस्थाचे आडनाव होता हे सहसा ध्यानी येत नाही. मराठीत त्याला 'बहिष्कार' हा पर्याय ठरून गेला आहे. बॉयकॉट हे दुर्बलांचे राजकीय शस्त्र आणि बहिष्कार हा जातीने द्यावयाचा दंड, तेव्हा हा पर्याय सदोष होय, असा आक्षेप यावर घेता येईल. शब्दाच्या जन्मकथेशी तो ताडून पाहणे इष्ट आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२-१८९७) हा इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यात जन्मला व पुढे आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. वस्तुतः सैन्यात तो त्या हुद्द्यापर्यंत पोचलाच नव्हता. पिके बुडाल्यामुळे लॉर्ड अर्न खंडात शेकडा १० सूट देण्यास तयार झाला. कुळांनी २५ मागितली, ती नाकारण्यात आली, आणि सप्टेंबर १८८० मध्ये कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. तेव्हा बॉयकॉटचे शेतमजूर व घरचे नोकर काम सोडून गेले. लोहार, परटीण, दुकानदार, कोणीही त्याच्याशी व्यवहार करीना. आपल्याकडे न्हावी-परीट बंद करणे म्हणतात, तोच हा प्रकार. अखेर त्याचे पीक काढण्यासाठी कॅव्हन व मोनॅहन परगण्यांतून ५० स्वयंसेवक आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य व पोलीस आणावे लागले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी निदान १०,००० पौंड खर्ची पडले, असा अंदाज केला जातो. १८८० सरण्यापूर्वीच बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

परंतु या प्रकाराची शिकवण प्रथम दिली गेली ती कारभाऱ्याविरुद्ध नव्हे. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने विचारले होते की, एका कुळाला हुसकून लावलेली जमीन जो दुसरा शेतकरी घेईल त्याचे काय करावे? त्याला गोळी घालण्याची सूचना श्रोत्यांतून आली. त्यावर पार्नेलने, अशा माणसाला पूर्वीच्या काळच्या महारोग्याप्रमाणे सर्वांनी एकटे पाडावे, असा उपाय सुचविला. म्हणजे हे शस्त्र आधी शेजाऱ्यावर रोखलेले होते.

जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने शब्दाच्या उत्पत्तीची जी हकीकत दिली आहे ती या दृष्टीने फार मोलाची वाटते. जमीन बळकावणाऱ्या शेतकऱ्याला वाळीत टाकण्याच्या कृतीला ख्रिस्ती धर्मबहिष्कारावरून एक नाव रूढ होते. जमीनदार वा त्याच्या कारभाऱ्याशी तसे वागण्याला निराळा शब्द हवा होता. खापरीवर नाव लिहून हद्दपारी ठरविण्याच्या ग्रीक प्रथेवरून आलेला 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द शेतकऱ्यांना कळला नसता. तेव्हा फादर जॉन ओमॅली या धर्मगुरूने 'त्याला बॉयकॉट करणे' असे सुचविले. उपरोक्त आक्षेपातील भेद साधण्यासाठीच हा शब्द निर्माण झाला होता, असे म्हणावे लागते. पण तो भेद टिकला नाही. जमीन घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीतही तोच शब्द सर्रास वापरला जाऊ लागला. फ्रेंच, जर्मन आदी भाषांतही तो लवकरच गेला.

'बहिष्कार' शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदनिंदकाला 'बहिष्कार्य' म्हटले आहे. १८९० च्या पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानानंतर जे ग्रामण्य माजले, त्यात रानडे व टिळक या दोघांनाही या दंडाची झळ लागली होती. त्याच टिळकांनी वंगभंगानंतर, १९०५ पासून, 'बहिष्कार' ही राजकीय घोषणा केली. शब्द तोच, पूर्वी तो ज्यांच्यावर उगारला गेला होता, त्यांच्यापैकीच एकाने तो सरकारवर उगारला.

जुना अर्थ मात्र संपला नव्हता. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' पत्र काढले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची कलमे घातली, ती ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून, थोड्या फेरफाराने घेतलेली. तेथे सत्तेने लोकचळवळीविरुद्ध योजलेली व्याख्या येथे गावाच्या बहुसंख्येपासून अल्पसंख्याचे रक्षण करण्यासाठी उपयोगी पडली.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याचे इंग्रजी नाव 'एक्स्कम्युनिकेशन' या शब्दावर बेतलेले होते. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरविला. महाराष्ट्र राज्याच्या २०१६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात तो शब्द नाही. जातपंचायतींच्या दंडाला तेथे 'सोशल बॉयकॉट' म्हटले आहे.