मेकासर्मिन

मेकासर्मिन हे मानवी शरीरातील 'इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१' (आयजीएफ-१) या पेप्टाइडचे जनुकीय अभियांत्रिकीद्वारे तयार केलेले रूप आहे. ई. कोलाय जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून ते मिळवले जाते. त्यात ७० अमिनो आम्लांची एकच साखळी व तीन डायसल्फाइड बंध असतात.

शोध

१९५७ साली सॅल्मन व डॉगडे या अमेरिकी संशोधकांनी असे दाखवले की, वृद्धी संप्रेरक कूर्चेवर थेट नव्हे, तर रक्तातील अन्य एका घटकामार्फत परिणाम करते. १९७८ साली रिंडरक्नेख्ट व हुंबेल यांनी आयजीएफ-१ मधील अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. त्याची रचना इन्सुलिनशी मिळतीजुळती असल्याने त्याला हे नाव मिळाले.

शरीरातील कार्य

पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात आयजीएफ-१ तयार होते. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्टीतील पेशींचे विभाजन ते वाढवते व त्यामुळे उंची वाढते. स्नायूंमधील प्रथिननिर्मितीलाही ते चालना देते.

वैद्यकीय उपयोग

लारॉन संलक्षणात वृद्धी संप्रेरकाचा ग्राही सदोष असतो. इस्राएलचे डॉक्टर त्स्वी लारॉन यांनी १९६६ साली त्याचे वर्णन केले. अशा मुलांच्या रक्तात वृद्धी संप्रेरक भरपूर असूनही आयजीएफ-१ अत्यल्प असते. त्यामुळे वृद्धी संप्रेरक टोचून लाभ होत नाही. त्यांच्यासाठी मेकासर्मिनला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा त्वचेखाली टोचतात. उपचाराने उंचीवाढीचा वेग वाढतो. मात्र बहुतेकांची उंची सर्वसामान्य पातळी गाठत नाही. वाढपट्ट्या मिटल्यानंतर उंचीसाठी या औषधाचा उपयोग नसतो.

दुष्परिणाम

रक्तशर्करा घटणे हा प्रमुख धोका होय. म्हणून इंजेक्शन जेवणाच्या किंवा न्याहारीच्या सुमारास देतात. मूल जेवू शकत नसल्यास ती मात्रा टाळतात. टॉन्सिल वाढणे, कवटीतील दाब वाढून डोके दुखणे, मांडीच्या हाडाचे टोक सरकणे हेही परिणाम आढळतात. आयजीएफ-१ पेशींची वाढ घडवून आणत असल्याने कर्करोग असलेल्या वा त्याचा संशय असलेल्या रुग्णांना हे औषध देत नाहीत.

गैरवापर

स्नायू वाढवण्यासाठी काही खेळाडू व शरीरसौष्ठवपटू आयजीएफ-१ घेतात. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने (वाडा) ते स्पर्धाकाळात व स्पर्धेबाहेरही निषिद्ध ठरवले आहे. 'आयजीएफ-१ एलआर३' हे ८३ अमिनो आम्लांचे बदललेले रूप रक्तातील बंधक प्रथिनांना फारसे चिकटत नाही, त्यामुळे ते अधिक प्रभावी ठरते. ते प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनासाठी वापरले जाते. माणसांवरील उपचारासाठी त्याला मान्यता नाही. चोरट्या बाजारातील कुपीत नेमके काय व किती आहे याची खात्री नसते. निरोगी व्यक्तीत रक्तशर्करा अचानक घसरून शुद्ध हरपण्याचा धोकाही संभवतो.