भान हरपलेला माणूस आणि त्याची सून

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज म्हणून जातो. घरातला म्हातारा जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला मागू लागला, की त्याला म्हातारचळ लागला म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. पण त्या माणसाबरोबर रात्रभर कोण जागतं, हे या शब्दांत कुठंच येत नाही. जपानमध्ये एका कथेनं नेमकं तेच दाखवलं. तिची हकीगत आज सांगतो.

१९७२ साली सावाको आरियोशी या लेखिकेची एक कादंबरी आली. नावाचा अर्थ साधारण ‘भान हरपलेला माणूस’. अकिको ही नोकरी करणारी सून. सासू अचानक जाते आणि सासऱ्यांची स्मृती गेल्याचं घराच्या ध्यानात येतं. ते पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. ओळखतात ते सुनेला, जिला आयुष्यभर घालूनपाडून बोलले तिलाच! मुलाला बापात स्वतःचं म्हातारपण दिसतं आणि तो अंग काढून घेतो.

पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९७३ मध्ये शिरो तोयोदा यांनी त्यावर चित्रपट काढला. सासरे झाले होते हिसाया मोरिशिगे, विनोदी भूमिकांसाठी लोकांचे लाडके नट. पुढे ही कथा दूरचित्रवाणीवरही आली. २००६ सालच्या दूरचित्रवाणी रूपांतरात रेंतारो मिकुनी सासरे होते.

परिणाम दुहेरी झाला. कादंबरीचं नावच विसराळू म्हाताऱ्यांसाठी बोलीत रूढ झालं. त्यात भीती होती, थोडी टिंगलही. पण घराच्या चार भिंतींआड राबणारी सून प्रथमच साऱ्या देशाच्या नजरेस पडली.

एका कथेनं कायदा घडवला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. देश झपाट्यानं म्हातारा होत होता, बायका नोकरीला लागल्या होत्या. तरीही सांभाळणं हे केवळ सुनेचं कर्तव्य नव्हे, हा विचार रुजायला अशा कथांची मदत झाली, असं मला वाटतं. १९९७ मध्ये शुश्रूषा विम्याचा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून तो लागू झाला. चाळिशीपासून प्रत्येकानं वर्गणी भरायची आणि म्हातारपणी मदतनीस घरी यायचा, अशी सोय झाली. २००४ मध्ये सरकारनं या आजाराचं नावही बदललं. जुन्या नावाची दोन्ही अक्षरं ‘मूर्ख’ या अर्थाची होती. नव्या नावात आकलनाच्या विकाराचा उल्लेख आला.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’नं स्मृती हरवलेल्या बापाइतकंच त्याच्या लेकीकडेही पाहिलं. आपल्या मालिकांत मात्र स्मृती जाते ती बहुधा अपघातानं, आणि सोयीच्या भागात परतही येते. खऱ्या घरात ती परत येत नाही. तिथं पहाटे तीनला कुणीतरी दाराची कडी तपासायला उठलेलं असतं. त्या माणसाची गोष्ट पडद्यावर आली, तर निदान शेजारी ‘तुम्ही जेवलात का’ असं तरी विचारतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)