गच्चीवर झोपलेले शहर

एचिंग ही मुळात कारागिराची कला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, सुईने रेघा ओढून तांबे उघडे पाडायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या रेघा आम्ल खाते, बाकीचे शाबूत राहते. खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाब दिला की चित्र उमटते. आणि एक नव्हे, शंभर. तैलचित्र एकाच श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगले जाते, हे अनेक घरांत जाऊ शकते.

जॉन स्लोन हा अमेरिकन चित्रकार १८७१ साली जन्मला. घरचा भार अंगावर पडल्याने सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. फिलाडेल्फियात पुस्तकांच्या दुकानात नोकरी करता करता हॅमर्टनचे पुस्तक वाचून तो एचिंग शिकला. (दिवसा नोकरी आणि रात्री पुस्तक, यातली गोडी ज्याची त्यालाच ठाऊक!) पुढे वर्तमानपत्रांत चित्रे काढली आणि १९०४ साली तो न्यूयॉर्कला आला.

तेथे १९०५-०६ मध्ये त्याने शहराच्या रोजच्या जीवनावर दहा एचिंगे केली. एकात घरकाम तसेच टाकून वर्तमानपत्रातले 'स्त्रियांचे पान' वाचीत बसलेली बाई आहे. दुसऱ्यात उन्हाळ्याची रात्र आहे: खोल्यांतल्या उकाड्याला कंटाळून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे गच्चीवर अंथरुणे टाकून पडली आहेत. मुंबईच्या चाळकऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

१९०६ साली अमेरिकन जलरंग संस्थेने ही माला प्रदर्शनासाठी मागवली आणि त्यांतली चार चित्रे 'ग्राम्य' म्हणून परत पाठवली. ही दोन्ही त्या चारांतली. रेघेत खोट होती म्हणून नव्हे. गरिबाची झोप सभ्य भिंतीवर नको होती.

मी चळवळीतला माणूस. या चित्रांत मी प्रथम भूक शोधली, संताप शोधला. तो तेथे नाही. स्लोन १९१० साली समाजवादी पक्षात गेला, 'द मासेस' मासिकाची चित्रे त्याने सांभाळली. परंतु चित्राने प्रचाराचे ओझे वाहावे की नाही, या वादात १९१६ साली तो त्या मासिकातून बाहेर पडला. त्याचे सारे म्हणणे मला पटत नाही. पण कामगार संपाच्या दिवशीच दिसावा, एरवी त्याला चेहरा नसावा, हा आमच्या पत्रकांचा दोष या गच्चीने मला दाखवला, हे खरे.

प्रत्येक पत्र्याच्या शंभर प्रती काढण्याचा त्याचा बेत होता. गिऱ्हाईकच फारसे आले नाही.