सबजज्ज रानडे : प्रस्तावना

महादेव गोविंद रानडे यांच्या नावाआधी आपण ‘न्यायमूर्ती’ इतक्या सवयीने लावतो, की ते पद त्यांना १८९३ साली, हायकोर्टाचे न्यायाधीश तेलंग यांच्या निधनानंतर मिळाले, हे ध्यानातच राहत नाही. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधीची बहुतेक नोकरी खालच्या कोर्टांत झाली. या ग्रंथाचा विषय तेच रानडे आहेत.

आम्हा खानदेशकरांना या काळाचे अप्रूप जरा जास्त, कारण त्यातला एक मुक्काम धुळ्याचा. जळगाव आणि धुळे तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होते; वाटणी झाली ती १९०६ साली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार पुण्याच्या शिकलेल्या मंडळींकडे संशयाने पाहू लागले आणि रानड्यांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली. गावाला आगगाडीसुद्धा नव्हती. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत लिहिले आहे, की रानड्यांचे टपाल तिथे फोडले जाई. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही येत. रानडे ती जशीच्या तशी पोलिसांकडे धाडत. ज्याच्या टपालाचा सरकारला भरवसा नव्हता, त्याच्याच सहीने सरकारी कोर्टाचे हुकूमनामे निघत होते! या गोष्टीपाशी वाचकांनी थोडे थांबावे.

धुळ्यात रानडे होते, त्या फर्स्टक्लास सबजज्जाच्या पदाचे काम लहान नव्हते. दुय्यम वर्गाच्या सबजज्जाला पाच हजार रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत. पहिल्या वर्गाला रकमेची मर्यादा नव्हती. कर्जरोखे, गहाणखते, भाऊबंदांच्या वाटण्या, दत्तकाचे तंटे असे सारे त्याच्यापुढे येई. वरच्या कोर्टापुढे कागद असतात, याच्यापुढे माणसे. खतावरचा अंगठा आपला नव्हेच म्हणणारे कूळ आणि वही उघडून बसलेला सावकार यांच्यात खरे कोण, हे त्याला समोर बघून ठरवावे लागते. दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा त्याच १८७९ सालचा. खानदेश तेव्हा त्याच्या कक्षेत नव्हता, पण पुढे १८८७ मध्ये त्याच कायद्याखालचे स्पेशल जज्ज म्हणून रानडे नेमले गेले. त्यांच्या अर्थविचाराला दाव्यांच्या या कागदांचा वास आहे, असे मला वाटते.

मग हा भाग मागे का पडला? कारण साधे आहे. छापील निवाडे हायकोर्टाचे. खालच्या न्यायाधीशाचे नाव तिथे अपिलाच्या मथळ्यात, एखाद्या ओळीत येते. त्याने महिनोन्‌महिने ऐकलेले पुरावे दोन परिच्छेदांत आटोपतात.

तुम्ही या वाटेला नवे असाल तर कायद्यापासून सुरुवात करू नका. रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आधी वाचा, मग न. र. फाटकांचे चरित्र घ्या. निवाडे त्यानंतर, आणि तेही मथळ्यापासून. मधल्या एखाद्या दिवशी धुळ्याच्या किंवा जळगावच्या दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर तासभर बसून या. बसायला कुणाची परवानगी लागत नाही.